शिकागो ते मुंबई, साडेचौदा तास

एकाहत्तर साली माझा एक विद्यार्थी अमेरिकेला शिकायला गेला. मी तेव्हा काष्टीच्या हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. आमच्या भागातून आगगाडीनं मुंबईला जाणारे पुष्कळ होते, पण विमानात बसलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तो शेतकी कॉलेजात पहिला आला, तिकडच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती त्याला मिळाली आणि दोन महिन्यांत तो गेलाही. शिकागोच्या पुढं मोटारीनं तीन तासांवर त्या विद्यापीठाचं गाव होतं.

तो गेल्यावर आठेक दिवसांनी त्याच्या आईनं मला वस्तीवर बोलावणं धाडलं. गावापासून दोन मैलांवर त्यांची वस्ती होती. नवरा फार लवकर गेलेला. पदरी दोन मुलगे. थोरल्यानं चौथीतून शाळा सोडून औत धरलं आणि धाकटा शिकला. तिला मी मावशी म्हणत असे. बारीक अंगाची, चटपटीत, आणि मनात आलेलं करून मोकळी होणारी बाई.

"मास्तर, पोरगं किती लांब गेलंय, ते मला नीट दावा," असा तिचा निरोप होता. मी शाळेतला पृथ्वीचा गोल काखेत मारून सायकलवरून गेलो. ती अंगणात गोधडी शिवत बसली होती. गोलाकडे तिनं निरखून पाहिलं.

"ह्यी सगळी दुनिया व्हय?"

"हो मावशी."

"काष्टी कुटं हाय ह्याच्यात?"

"काष्टी एवढ्याशा गोलावर दिसायची नाही. पण ही बघा मुंबई."

"अन् पोरगं?"

मी गोल फिरवला. अमेरिका समोर आली तशी मुंबई मागं गेली. तिनं चटकन हात घालून गोल थांबवला. "आवं, मुंबई गेली की! दोनी एकदम दिसत न्हाईत?"

"नाही दिसत."

तिचा चेहरा उतरला. तिला धीर द्यावा, आणि खरं सांगायचं तर थोडी हुशारीही दाखवावी, म्हणून मी म्हणालो, "थांबा, मोजूनच सांगतो." तिनं गोधडीचा दोरा दातानं तोडून दिला. मी त्याचं एक टोक शिकागोवर धरलं, दुसरं मुंबईवर, आणि दोरा ताणून घेतला. तो वर उत्तरेच्या बर्फावरून गेला. फूटपट्टीवर सवाबारा इंच भरला. इंचाला साडेसहाशे मैल म्हणजे आठ हजारांना थोडे कमी. जेट विमान तासाला साडेपाचशे मैल जातं, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. अंगणातल्या मातीत काडीनं भागाकार केला आणि सांगितलं, "साडेचौदा तास."

"कशाचं?"

"तिकडं विमानात बसला की साडेचौदा तासांनी मुंबईत उतरेल. पुढं दौंडवरून घरी. सगळं मिळून धरा एक दिवस."

ती मनाशी हिशेब करू लागली. मग म्हणाली, "थोरला घोडेगावच्या बाजाराला बैलं चालवत नेतो तवा त्याला तीन दिस लागत्यात. अन् ह्यो अमेरिकेतनं एका दिसात येनार?"

"एका दिवसात."

"मग लई लांब न्हाई म्हना की."

"नाही मावशी. लांब नाही."

त्या दिवसापासून तिनं तो आकडा धरून ठेवला. बाजारात कुणी मुलाची चौकशी केली की ती सांगे, "साडेचौदा तासांवर हाय. मास्तरांनी मोजलंय." लोक माझ्याकडे बघत आणि मला बरं वाटे. पुढं वर्गात अंतराचा धडा आला की मीही तेच उदाहरण देऊ लागलो.

तिची पत्रं मीच लिहीत असे. पंधरा दिवसांनी एकदा ती निळं हवाई पत्र घेऊन शाळेत यायची, व्हरांड्यात बसून सांगायची आणि मी लिहायचो. विहिरीचं पाणी, गाईला झालेलं खोंड, थोरल्याची धाकटी मुलगी बोलायला लागली ते, असं सगळं त्यात असे. पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागत आणि उत्तर यायला तितकेच. तेवढा उशीर तिला चालत होता. माणूस हवा असला तर एका दिवसात येतो, मग पत्राचं काय एवढं?

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. त्या वर्षाबद्दल इतरांनी पुष्कळ सांगितलंय, मी सांगत नाही. दिवाळीच्या सुमाराला मावशीच्या पोटात दुखू लागलं. आधी तिनं ओवा खाऊन काढलं. मग जेवण तुटलं. थोरला तिला घेऊन नगरला गेला. मीही बरोबर होतो, कारण डॉक्टरांशी बोलायला कुणी शिकलेलं माणूस पाहिजे, असं त्याला वाटलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून आम्हा दोघांना आत घेतलं. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. कापून उपयोग नव्हता. "दीड-दोन महिने मिळतील," ते म्हणाले. "घरी न्या. खावंसं वाटेल ते द्या."

एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. तिला आम्ही काही सांगितलं नाही, पण घरी पोचल्यावर तिनंच विचारलं, "किती दिस म्हनले डॉक्टर?"

थोरला बैलांना वैरण टाकायला बाहेर गेला. मी जमिनीकडे बघत राहिलो. तिला जे कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला माझ्या खोलीवर आला. सदरा, टोपी घालून, निघायच्या तयारीनंच आला होता. परदेशी तार करायची तर दौंडला जावं लागे. "मास्तर, तार कशी लिहायची तेवढं द्या कागदावर. धाकल्याला बोलावून घेतो. आजच जातो."

"मावशींना विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? ती न्हाईच म्हननार."

मी म्हणालो, आधी तिला विचारू या. दोघं वस्तीवर गेलो. ती म्हणाली तसंच, "न्हाई. त्याची परीक्षा हाय. पत्रात न्हवतं का लिवलं, नाताळाच्या आदी हाय म्हनून?"

परीक्षा होती खरी. ते पत्र मीच तिला वाचून दाखवलं होतं. तीन आठवडे राहिले होते.

"आय, परीक्षेचं काय घिऊन बसली?" थोरला म्हणाला. "ती फिरून देता यील."

"तू गप. तुला काय कळतं परीक्षेतलं? एवढ्या लांब जाऊन, बर्फात ऱ्हाऊन पोरगं शिकलं अन् ऐन येळंला आईनं हाक मारून घालवायचं? मास्तर, तुमी सांगा. परीक्षा झाल्यावर तार केली तर तो कदी येतो?"

इथं मी थांबायला हवं होतं. थोरला माझ्याकडे आशेनं बघत होता. मला आजही त्याची ती नजर आठवते. पण मावशीनं मला प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी बोटांवर हिशेब केला. परीक्षा संपते शुक्रवारी. शुक्रवारी तार पोचेल अशी करू. शनिवारी तो विमानात बसेल. रविवारी मुंबई, सोमवारी सकाळी घरी. डॉक्टरांनी दीड-दोन महिने सांगितलेत, तीन आठवड्यांनी निदान तेवढेच दिवस हातात राहतात.

"मग झालं तर," ती म्हणाली.

थोरला बाहेर येऊन मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, मला न्हाई पटत. माजं मन सांगतंय आताच कळवावं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, मनाचं सोडा. हा गणिताचा विषय आहे. शनिवारी निघाला की सोमवारी इथं. मुलाचं वर्ष कशाला घालवता?"

चौथी शिकलेला माणूस गणितापुढं काय बोलणार? त्यानं टोपी काढली आणि तो शेताकडे निघून गेला.

त्यानंतर मावशीनं एक पत्र सांगितलं. "माजी तब्येत बरी हाय" असं तिनं सांगितलं आणि तसंच मी माझ्या अक्षरात लिहिलं.

डॉक्टरांचे दोन महिने अडीच आठवड्यांतच संपत आले. एका बुधवारी सकाळी थोरल्याची बायको शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. मावशीला पाणीही ठरत नव्हतं, हाका मारल्या तर उशिरा ओ देत होती. मी तास सोडून तसाच निघालो. दौंडला जाऊन तार केली. आई फार आजारी, ताबडतोब ये. इंग्रजीत चारच शब्द होते.

शुक्रवारी उलट तार आली. शनिवारी निघतो.

मी ती वाचून दाखवली तेव्हा मावशीनं डोळे उघडले. "शनवारी मंजी उद्या," ती म्हणाली. पुढचं तिला पाठ होतं.

रविवारी मी सकाळपासून तिथंच होतो. तिची खाट ओसरीवर उन्हाला आणली होती. थोड्या थोड्या वेळानं ती विचारी, "मास्तर, आता कुटवर आलं आसंल?"

"समुद्र ओलांडला असेल."

दुपारी पुन्हा, "आता?"

"आता आपल्याच बाजूला आला. संध्याकाळी मुंबई."

मी हे कशाच्या आधारावर सांगत होतो? तिला बरं वाटत होतं, म्हणून सांगत होतो. सोमवारी सकाळी थोरला स्टेशनवर जाऊन गाडी बघून आला. तो एकटाच परतला तसं तिनं माझ्याकडे पाहिलं, विचारलं मात्र काही नाही. मीच म्हणालो, "मुंबईत गाडी चुकली असेल. उद्या नक्की." मंगळवारी सकाळीही तो एकटाच आला. त्या दिवशी तिनं डोळे फारसे उघडले नाहीत. दुपारी तीनच्या सुमाराला थोरल्याच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली. तिनं शेवटी काही म्हटलं का, हे लोकांनी नंतर खूप विचारलं. काही म्हटलं नाही.

धाकटा कुठं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. वाट किती बघायची? संध्याकाळच्या आत थोरल्यानं अग्नी दिला.

धाकटा गुरुवारी सकाळच्या गाडीनं आला. अंगात जाड कोट, दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. स्टेशनवर थोरल्याचं मुंडण केलेलं डोकं पाहिलं आणि तो फलाटावरच बसला.

मग त्याच्या तोंडून प्रवास कळला. तार त्याच्या वसतिगृहावर दुसऱ्या दिवशी पोचली होती. शुक्रवारचा शेवटचा पेपर त्यानं दिलाच नाही, तिकिटाच्या मागं धावत राहिला. ज्या परीक्षेसाठी आम्ही तीन आठवडे थांबलो ती अशी गेली. शनिवारी शिकागोला बर्फ पडून विमानतळ बंद झाला. रविवारी संध्याकाळी विमान सुटलं, न्यू यॉर्कहून लंडन गाठलं, तिथं धुकं. एक दिवस आणि एक रात्र तो बाकावर बसून होता. मंगळवारी दुपारी, म्हणजे आमच्याकडे ती गेली तेव्हा, तो तिथंच होता. पुढचं विमान दोन ठिकाणी उतरत बुधवारी मुंबईला पोचलं. आणि माझा दोरा ज्या उत्तरेच्या वाटेनं गेला होता, त्या वाटेनं कुठलंच विमान येत नव्हतं. शिवाय शिकागोचं घड्याळ आपल्या मागं साडेअकरा तास. तिकडची शनिवारची दुपार म्हणजे इकडची शनिवारची मध्यरात्र. रेखांशाचा हा धडा मी दर वर्षी नववीला शिकवत होतो आणि हिशेबात मात्र तो धरला नव्हता.

पण मला सांगायचंय ते हे नाही. बर्फ आणि धुकं कुणाच्या हातात असतं? सांगायचंय ते त्या दिवशी दुपारचं.

वस्तीवर माणसं भेटायला येऊन गेली होती. अंगणात आम्ही तिघंच उरलो होतो. धाकट्यानं वहिनीकडून सगळं काढून घेतलं होतं. नगरचे डॉक्टर, त्यांनी दिलेली मुदत, सगळं. तो थोरल्यासमोर उभा राहिला.

"दादा, तुला तीन आठवडे आधी माहीत होतं?"

थोरला खाली बसून काडीनं माती उकरत होता. "व्हय."

"मग मला का नाही कळवलंस?"

थोरल्यानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. मी बोलेन, अशा अपेक्षेनं पाहिलं असावं. मी खांबाला टेकून बसलो होतो. या पोराला मी पाचवीपासून शिकवलं होतं, माझ्या साऱ्या नोकरीत असा विद्यार्थी दुसरा नव्हता. त्याच्या नजरेत आपण काय होऊ, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

थोरल्यानं नजर काढून घेतली. "चुकलं माजं," तो म्हणाला.

"चुकलं? मी तिला पंधरा दिवस बघितलं असतं दादा! तू जवळ होतास, तुला सगळं मिळालं. माझा विचार तरी आला का तुझ्या मनात?"

"चुकलं म्हनलं न्हवं," थोरला पुन्हा म्हणाला आणि उठून गोठ्याकडे गेला.

मी तेव्हाही उठू शकलो असतो. धाकटा येऊन माझ्या शेजारी बसला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. "सर, निदान तुम्ही होतात तिच्याजवळ," तो म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

तेराव्यानंतर तो परत गेला. जाताना भावाच्या पाया पडला, पण बोलला नाही. नंतर त्याची पत्रं येऊ लागली ती मला. थोरल्याला एकही नाही. दर महिन्याला निळं पाकीट माझ्या पत्त्यावर येई. त्यात आईच्या आठवणी, तिकडचं काम आणि शेवटी माझे आभार. थोरला बाजारच्या दिवशी भेटला की विचारी, "मास्तर, धाकल्याचं काय आलंय का?" मी पत्र काढून वाचून दाखवी. आभाराच्या ओळी गाळून वाची. तो उभ्यानं ऐके, "बरं हाय न्हवं? मग झालं," म्हणे आणि जाई. त्या दुपारबद्दल तो एकदाही बोलला नाही. त्यानं मला शिवी दिली असती तर मी पाय धरले असते. पण तो दर बाजारी तितक्याच आदरानं नमस्कार करी.

असं दीड वर्ष चाललं. चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये माझी बदली जामखेडला झाली. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. पहिल्या पंधरवड्यात एका रविवारी, अंगात बळ आल्यासारखं वाटलं तेव्हा, मी धाकट्याला सगळं लिहिलं. दोरा, साडेचौदा तास, तारेचा कागद मागायला आलेला थोरला, माझा हात त्याच्या खांद्यावर. आईनं परीक्षेसाठी थांबवलं तेही लिहिलं. तुझ्या भावाचा काही दोष नाही, दोष माझा आहे, असं शेवटी लिहिलं. पत्र पेटीत टाकलं तेव्हा हलकं वाटलं. आता दोघं भाऊ एक होतील, मला वाटलं.

उत्तर आलं नाही. महिना गेला, दोन गेले.

दिवाळीच्या सुट्टीत काष्टीला राहिलेलं सामान न्यायला गेलो तेव्हा बाजारात थोरला भेटला. पेंडीची पोती गाडीत चढवत होता. मला बघून त्यानं हात झटकले आणि नमस्कार केला.

"धाकल्याचं पत्र आलं," तो म्हणाला. "लई मोठं. माफी मागितली त्यानं माजी."

"बरं झालं," मी म्हणालो.

त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "मास्तर, कशाला लिवलं तुमी त्याला?"

"खरं होतं ते. तुम्ही विनाकारण—"

"मला काय हुत हुतं? मी हितं बसलो हुतो त्याचा राग खात. भावाचा राग हाय, जाईल कदी तरी. पर तुमी त्याला परीक्षेचं लिवलं." "आय आपल्या परीक्षेपायी थांबली, ह्ये आता त्याला कळलं. पत्रात तेच हाय सगळं. माज्यामुळं, माज्यामुळं. आता त्यो काय करंल तिकडं एकटा? मी त्या दिशी तोंड मिटून बसलो ते काय तुमच्यासाटी व्हय?"

दीड वर्ष मी समजत होतो की त्यानं मला वाचवलं. त्याच्या मनात मी नव्हतोच. त्याला त्याच्या भावाला वाचवायचं होतं, आणि ते केलेलं सगळं मी एका रविवारी स्वतःचं मन हलकं करण्यासाठी मोडून टाकलं होतं.

मी काही तरी बोलायला गेलो. त्यानं हातानंच थांबवलं. "जाऊ द्या. तुमी चांगल्यासाटीच केलं असंल." मग त्यानं उरलेलं पोतं उचललं. मी एका बाजूनं हात लावला. गाडी भरल्यावर तो म्हणाला, "चला मास्तर, च्या घिऊ." आम्ही दोघं हॉटेलात समोरासमोर बसलो आणि त्या वर्षीच्या ज्वारीबद्दल बोललो. पाऊस बरा झाला होता, पीक गुडघ्याला लागलं होतं.

धाकट्यानं मला पुन्हा पत्र लिहिलं नाही. दोन वर्षांनी तो भावाकडे येऊन गेला, आठ दिवस राहिला, असं मला जामखेडला काष्टीच्या एका माणसाकडून कळलं. त्यानं माझ्याबद्दल काही विचारलं का, असं मी त्या माणसाला विचारणार होतो. विचारलं नाही.